‘इडापिडा’ ऐकवताना: नागपुरातल्या श्रोत्यांची मतं गोळा केल्याच्या नोंदी

२ एप्रिल

अल्बम झाला, असं आम्ही दोघांनीच ठरवून टाकलं. दोघं म्हणजे मी आणि माझा मावसभाऊ. सहा ट्रॅक, ४१ मिनिटं, नाव ‘इडापिडा’. साचा ट्रान्सचा, म्हणजे एका लयीत चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक नाचाच्या संगीताचा, बहुतेक ठिकाणी १३८ बीपीएम (मिनिटाला १३८ ठोके). त्यात गेल्या मारबतीच्या मिरवणुकीत (पोळ्यानंतर नागपुरात इडापिडा हाकलायला निघते ती) मोबाइलवर टिपलेले ताशे, हिंगण्याकडच्या एका भजनी मंडळाची खंजिरी आणि बुवांचा आवाज, एका ट्रॅकमध्ये रूपक ताल, दुसऱ्यात १,८०० रुपयांना विकत घेतलेल्या सँपल पॅकमधला आर्मेनियाचा दुदुक आणि पश्चिम आफ्रिकेचा जेंबे. चौदा महिने रात्री जागून केलंय सगळं. आता अपलोड करायच्या आधी वीस-पंचवीस जणांना ऐकवायचं, मतं घ्यायची, किरकोळ दुरुस्त्या करायच्या. भाऊ म्हणाला, दोन रविवारांत उरकून टाकू.

या नोंदी कोणी आमच्यासारखंच घरच्या खोलीत बसून काही बनवत असेल त्याच्यासाठी. दोन रविवारांत उरकलं नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो.

५ एप्रिल

पहिली बैठक आमच्या घरी, दुपारी चारला. अकरा जण आले. भावाचे कॉलेजचे सहा मित्र, खालच्या मजल्यावरचे काका-काकू, माझ्या ऑफिसचे तिघं. भाड्याने मोठे स्पीकर आणायचं ठरलं होतं, पण लग्नसराईमुळे मिळाले नाहीत, म्हणून भावाचा ब्लूटूथ स्पीकर लावला. फॉर्म छापले होते: प्रत्येक ट्रॅकला पाच तारे आणि खाली ‘तुमचं मत’ म्हणून चार ओळी. साठ फॉर्म, १२० रुपये. तर्री-पोहे आणि चहा, ५६० रुपये.

एप्रिलमध्ये नागपुरात दुपारी चारला अकरा माणसं एका खोलीत बसवायची तर कूलर लावावाच लागतो. लावला.

सगळ्यांनी पूर्ण ऐकलं. शेवटी टाळ्याही वाजवल्या. आम्ही दोघं एकदम खूश.

७ एप्रिल

फॉर्म वाचले. अकरापैकी नऊ जणांनी सहाही ट्रॅकला चार-चार तारे दिलेत. ‘तुमचं मत’ या रकान्यात: छान आहे. मस्त. खूप मेहनत दिसते. लगे रहो. पोहे एक नंबर.

याचा उपयोग काय करायचा? आपल्याकडे पाहुणा म्हणून बोलावलेला माणूस तोंडावर वाईट बोलत नाही, त्यातून आधी पोहे खाऊ घातलेले. पाच तारे दिले तर खोटं वाटेल, तीन दिले तर आपल्याला वाईट वाटेल, म्हणून चार. हे मला छापायच्या आधी कळायला हवं होतं. उरलेले एकोणपन्नास कोरे फॉर्म आता पाठकोरे म्हणून कामी येतील.

खालच्या काकांनी मात्र एक कामाची गोष्ट लिहिली होती: ‘चौथ्यात तानपुरा आहे असे म्हणालात. मला ऐकू आला नाही.’ चौथा ट्रॅक म्हणजे पहिली अडीच मिनिटं नुसता तानपुरा आणि त्यावर हळूहळू उलगडणारा सिंथ (सिंथसायझर). तानपुराच ऐकू आला नसेल तर काका अडीच मिनिटं काय ऐकत होते? भाऊ म्हणाला, कूलर. बरोबरच असणार. कूलरची घरघर आणि तानपुऱ्याचा खर्ज दोन्ही खालच्या पट्टीत, त्यात कूलर काकांच्या अगदी मागे. पहिल्या बैठकीची चौथ्या ट्रॅकची मतं रद्द.

आणखी एक चूक याच दिवशी सापडली. फॉर्मच्या वर आम्ही मोठ्या अक्षरांत छापलं होतं, ‘भारतीय राग आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रांचा पहिलाच प्रयोग’. ऑफिसच्या एकाने त्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, ‘चरणजित सिंग, मुंबई, १९८२. शोधून बघ.’ शोधलं. चरणजित सिंग यांनी त्या वर्षी ड्रम मशीन आणि सिंथवर दहा राग वाजवून तबकडी काढली होती. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. ती ओळ काढली.

१३ एप्रिल

दुसरी बैठक सकाळी साडेसहाला, कूलर बंद. उद्या १४, त्यामुळे उद्या-परवा शहरात काही ऐकवायचा प्रश्नच नाही, रात्रभर रस्ते आणि डीजे जागे असतात. सहा जण आले, पैकी दोघं जांभया देत.

तारे काढून टाकले. त्याऐवजी भावाने एक कागदाची पट्टी काढली: ट्रॅकच्या प्रत्येक मिनिटाला एक चौकोन. सूचना एकच. ऐकताना जिथे मोबाइल हातात घ्यावासा वाटेल तिथे टिक करा. आवडलं की नाही ते विचारायचंच नाही. तिचं नाव आम्ही कंटाळापट्टी ठेवलं. लोकांना ती आवडली. वाईट बोलावं लागत नाही, फक्त टिक करायची, त्यामुळे हात मोकळा झाला. पहिल्याच ट्रॅकला तिसऱ्या मिनिटावर सहापैकी पाच टिका. तिसऱ्या मिनिटात काय होतं? माझा सर्वांत लाडका भाग. ताशे विरतात आणि दीड मिनिट नुसता वाऱ्यासारखा आवाज वर चढत जातो. त्यावर माझे तीन आठवडे गेले होते.

आणि चौथा ट्रॅक. कूलर बंद, पहाटेची शांतता, बाहेर फक्त कोकीळ. तरी दोघांनी विचारलं, ‘तानपुरा कुठं आहे?’

मी भावाकडे बघितलं, भावाने कूलरकडे. कूलर बंदच होता.

१७ एप्रिल

चार रात्री यात गेल्या. हेडफोनवर तानपुरा ढगासारखा दोन्ही कानांत पसरलेला. लॅपटॉपच्या स्पीकरवर थोडा कमी. ब्लूटूथ स्पीकरवर जवळजवळ गायब.

कारण शेवटी असं निघालं. तानपुरा रुंद वाटावा म्हणून मी त्याच्या दोन प्रती केल्या होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि उजवीकडच्या प्रतीची फेज, म्हणजे लाटेची वर-खाली दिशा, उलटी करून ठेवली होती. कुठल्याशा व्हिडिओत बघितलं होतं. हेडफोनवर डावा-उजवा वेगळे राहतात म्हणून छान रुंद वाटतं. पण भावाचा स्पीकर मोनो आहे. तो दोन्ही बाजू एकत्र करतो, आणि एक लाट वर जाताना दुसरी तेवढीच खाली जात असेल तर बेरीज शून्य. दोन्ही बैठकींत सतरा माणसांना आम्ही चौथ्या ट्रॅकच्या सुरुवातीला चक्क शांतता ऐकवली, आणि दोष कूलरला दिला.

दुरुस्ती पाच मिनिटांची. उलटी फेज काढली, एक प्रत १२ मिलीसेकंद उशिरा सोडली, रुंदी थोडी कमी झाली पण मोनोत तानपुरा टिकला. रीपरमध्ये (आम्ही मिक्स करतो ते सॉफ्टवेअर) मास्टरवर मोनोचं बटण असतं. मिक्स करताना रोज एकदा ते दाबून ऐका, एवढंच सांगतो. आमचे नऊ दिवस त्या बटणापायी गेले. काकांना जाऊन सांगितलं की तुमचं बरोबर होतं. काका म्हणाले, ‘मला वाटलं माझेच कान गेले आता.’

२० एप्रिल

दुदुकवाल्या ट्रॅकची दोन मिक्स केली होती, अ आणि ब. मावशीच्या घरी पाच जणांना आणि फोनवर सहा जणांना ऐकवली. फोनवरच्यांना ड्राइव्हची लिंक पाठवली आणि परवानगी द्यायला विसरलो. रात्री अकरापर्यंत सहाही जणांचे ‘ॲक्सेस हवा’ असे मेल येऊन पडले होते. एक दिवस गेला.

निकाल: अकरापैकी नऊ जणांना ब आवडलं. भाऊ खूश, ब त्याचं होतं. मला शंका आली म्हणून मीटर लावला. ब हे अ पेक्षा २ डेसिबलने मोठं होतं. कान फसतो, मोठं ते चांगलं वाटतं. दोन्ही मिक्स उणे १४ एलयूएफएसला (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) आणली, म्हणजे साधारण जिथे स्ट्रीमिंगवाले आणून ठेवतात तिथे, आणि दुसऱ्या दिवशी उलट्या क्रमाने पुन्हा ऐकवलं. सहा विरुद्ध पाच. म्हणजे फरकच नाही. अ ठेवलं, माझं होतं म्हणून नाही, त्यात दुदुक थोडा पुढे आहे म्हणून. (थोडं माझं होतं म्हणूनही.)

दुदुकबद्दल एक गंमत. जर्दाळूच्या लाकडाचं, दुहेरी पातीचं वाद्य. अकरापैकी आठ जणांना ती सनई वाटली. सनईलाही दुहेरी पाती असते, त्यामुळे त्यांची चूक मोठी नाही. पण आपल्याकडे सनई म्हणजे लग्न. मावशी म्हणाली, ‘सनई रडून राहिली का रे? कोणाच्या घरचं लग्न मोडलं?’ आम्हाला वाटलं होतं दूरदेशीचं, गूढ असं काही वाटेल. लोकांना मोडलेलं लग्न दिसलं. यावर उपाय शोधला नाही. मावशीचं ऐकल्यापासून मलाही तेच ऐकू येतं.

२६ एप्रिल

आत्याकडे गेलो. आत्या तीस वर्षं तबला शिकवते. तिला फक्त तिसरा ट्रॅक ऐकवायचा होता, रूपकाचा. सात मात्रांच्या तबल्याखाली चार-चारचा किक (ड्रम मशीनचा धम्म ठोका). सात आणि चार अठ्ठावीस मात्रांनी एकदा जुळतात, १३८ च्या लयीत दर बारा सेकंदांनी. आम्हाला ही फार हुशारीची गोष्ट वाटत होती.

आत्याने अर्ध्या मिनिटात थांबवलं.

‘सम कुठाय?’

दाखवली, तालाची पहिली मात्रा.

‘अरे, रूपकाची सम म्हणजे खाली. तिथे डग्गा बोलत नाही. साऱ्या तालांत हा एकच असा की ज्याची सम रिकामी. आणि तू नेमकी तिथे धम्मकन हाणून राहिला. रूपक मारला तू.’

खरंच. किक प्रत्येक मात्रेवर आहे, तर समेवरही पडणारच. पडतो तेव्हा रूपकाचं सारं तोंडच बदलतं. चौदा महिने हे आम्हाला ऐकू आलं नाही, कारण आम्ही किकच ऐकत होतो.

रात्री प्रयोग. प्रत्येक समेवरचा किक काढला. आत्याला फोनवर ऐकवलं, ती म्हणाली आता जमलं. मग कॉलेजवाल्या तिघांना पट्टीसकट ऐकवलं. तिघांच्या पट्टीवर टिकाच टिका. एकाने सांगितलं, नाचताना पाय अडखळतो, वाटतं गाणं अडकलं. शेवटी मधला मार्ग: फक्त अठ्ठाविसाव्या मात्रेनंतर, जिथे तबल्याची सम आणि किकच्या चारचा एक जुळतात, तिथलाच किक काढायचा. दर बारा सेकंदांनी एकच भोक. चारपैकी तीन समांवर किक तसाच, म्हणून आत्याचा राग तीन चतुर्थांश कायम, कॉलेजला एक टिक. ठेवलं.

खर्च आतापर्यंत: छपाई, पोहे, पेट्रोल मिळून १,७४० रुपये. आत्याकडे जाताना संत्रा बर्फी नेली होती, ती यात धरली नाही.

४ मे

कित्येक दिवस एका धुमालवाल्याला ऐकवायचं चाललं होतं. नागपूरबाहेरच्यांसाठी: धुमाल म्हणजे गाडीवर कीबोर्ड, ऑक्टापॅड, ढोल, ताशे आणि भोंगे लादून निघणारा आमचा वरातीचा आणि मिरवणुकीचा आवाज. ऐकायला छातीच लागते. हा गडी ऑक्टापॅड वाजवतो. लग्नसराईत त्याला दिवसा वेळ नाही. रात्री एक वाजता एका लॉनबाहेर, वरात संपल्यावर गाडीला टेकून त्याने माझ्या हेडफोनवर ऐकलं. घामाने शर्ट भिजलेला, हातात पाण्याची बाटली.

पहिला ट्रॅक, मारबत. लोकांचा ओरडा आला, ‘घेऊन जा गे मारबत’, आणि तो हसला. (पुण्याच्या चुलत भावाने याच जागी विचारलं होतं, ‘मोर्चा आहे का?’ एका भागाची इडापिडा दुसऱ्या भागाला मोर्चा वाटते. ती जागा तशीच ठेवलीये.) मग तिसरं मिनिट आलं, माझा वारा. त्याने हेडफोन एका कानावरून सरकवला.

‘बंद पडलं का?’

‘नाही, चढतंय. पुढे ड्रॉप आहे.’

‘भाऊ, वरातीत असं दीड मिनिट हवाच लावली ना, तर नवरदेव घोड्यावरून उतरून विचारन, लाइट गेली का म्हणून.’

मी म्हटलं, ट्रान्समध्ये असंच असतं, थांबवायचं, ताणायचं, मग सोडायचं. तो म्हणाला, ‘ताणा ना. पण हातात काही तरी देऊन ताणा. मी ताशा बंद नाही करत, बारीक करतो. लोकाचे पाय चालू राहते. सोडलं की मग एकदम.’ आणि गाडीच्या पत्र्यावर बोटांनी करून दाखवलं. आधी सगळे ठोके, मग एकाआड एक, मग फक्त काठावरची टिकटिक, पण लय तीच, पाय सुटत नाही. मग थाप. रस्त्यावरचा कुत्रा उठून बसला.

पंधरा सेकंदांत त्याने जे दाखवलं ते मी तीन आठवड्यांत केलं नव्हतं. घरी येऊन दीड मिनिटाचं चाळीस सेकंद केलं, खाली ताशाची काठावरची टिकटिक ठेवली. पुढच्या चार जणांच्या पट्टीवर तिसऱ्या मिनिटाला एकही टिक नाही. वाऱ्याची फाइल डिलीट करायला मला अजून दोन दिवस लागले.

जाताना त्याने रूपकातलं भोकही ऐकलं. ‘हे बरं हाये. पाय उचलला जाते.’ आत्याला सांगायचं आहे.

११ मे

आज हिंगण्याला, बुवांकडे. ही नोंद लांब होणार.

दुसरा ट्रॅक, खंजिरी. बुवांचं मंडळ राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं म्हणतं. दीड वर्षापूर्वी आम्ही रेकॉर्डिंगला गेलो तेव्हा ‘भजन रेकॉर्ड करतो’ एवढंच सांगितलं होतं. त्याचं पुढे काय करणार ते सांगितलं नव्हतं, कारण तेव्हा आम्हालाही माहीत नव्हतं. नंतर माहीत झालं तेव्हाही सांगितलं नाही. यात सबब काही नाही.

अंगणात बाजेवर बसून बुवांनी ऐकलं, मंडळाचे चौघं आजूबाजूला. इथे कंटाळापट्टी दिली नव्हती. वाटलं, कसं देणार. चेहऱ्यावर काही दिसेना. सात मिनिटं पूर्ण ऐकून हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

‘हा कोण गाऊन रायला?’

‘बुवा, तुम्हीच.’

‘मी नाही. मी काळी एकमध्ये गायलो होतो. हे पांढरी तीन हाय. एवढ्या वर माझा गळा चाळिशीतबी गेला नाही.’

बरोबर तीन सेमीटोन. (काळी एक, पांढरी तीन ही पेटीवरच्या पट्ट्यांची नावं. पांढरी तीन म्हणजे इंग्रजीतला ई.) सिंथची धून ई मध्ये बसली होती, ती आवडली होती, म्हणून आम्ही बुवांचाच आवाज तेवढा वर ओढला. तेवढ्याने काय होतं, असं वाटलं होतं. बुवांनी पेटीशिवाय, यंत्राशिवाय, बाजेवर बसून पट्टी सांगितली.

मग खंजिरी वाजवणाऱ्याने तोंड उघडलं. त्याची खंजिरी ९६ च्या आसपास होती, आम्ही ती १३८ वर ताणली होती, म्हणजे ४४ टक्के वेगवान. ‘चकत्यांचा आवाज फाटला,’ तो म्हणाला. ‘हे खंजिरी नाही, डब्ब्यात खिळे हाय.’ बाकीचे हसले. मीही हसलो, मग घरी येऊन पुन्हा ऐकलं. खिळेच आहेत.

आणि सर्वांत शेवटी बुवा: ‘भजन अर्धवट सोडलं तुम्ही. “तुकड्यादास” कुठं हाय? नाममुद्रा आल्याशिवाय भजन पुरं होत नाही. सही न करता चिठ्ठी पाठवली तर कोणाची समजाची?’

आम्ही सँपल कापताना शेवटची ओळ सोडून दिली होती. सूर खाली उतरत होता आणि लूप नीट जुळत नव्हता, एवढंच कारण.

चहा मिळाला. रागावले नाहीत, त्यामुळे जास्तच वाईट वाटलं. परत येताना वाडीपर्यंत भाऊ गाडीवर मागे बसून एक शब्द बोलला नाही.

१४ मे

कोर्टात प्रॅक्टिस करणाऱ्या वर्गमित्राला विचारलं. आमचा समज होता की भजन म्हणजे सगळ्यांचं. तसं नाही. लेखक गेल्यानंतरच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. तुकडोजी महाराज १९६८ साली गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवर २०२८ च्या अखेरपर्यंत हक्क आहे. गाणाऱ्याचा हक्क वेगळा, रेकॉर्डिंगचा आणखी वेगळा. मित्राने फी घेतली नाही, पण ‘तुम्ही हे चौदा महिने करून मग विचारून राहिले?’ असं दोनदा म्हणाला.

भावाने तेव्हा एक जुनं प्रकरण काढलं. एनिग्मा या जर्मन संगीतगटाचं एक गाणं १९९४ मध्ये जगभर वाजलं होतं, १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या जाहिरातीतही. त्यातला तो मन हलवणारा आवाज तैवानच्या अमिस जमातीतले गायक दिफांग यांचा. १९८८ मध्ये ते गायला युरोपात गेले होते तेव्हा पॅरिसला रेकॉर्ड झालेला. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, नावही दिलं नव्हतं. १९९८ मध्ये त्यांनी दावा लावला, १९९९ मध्ये तडजोड झाली. आम्ही दोघं ते गाणं शाळेपासून ऐकत आलो, या गोष्टीसकट. इतरांबद्दल असल्या गोष्टी वाचताना आपण नेहमी गायकाच्या बाजूला बसलेले असतो.

ठरलं: दुसरा ट्रॅक पाडायचा. बुवांकडे जाऊन सगळं खरं सांगायचं. ते हो म्हणाले तर तुकाराम महाराजांचा अभंग (त्या शब्दांवर आता कोणाचा हक्क नाही) बुवांच्याच पट्टीत, त्यांच्याच लयीत घ्यायचा. नाव, पैसे आणि वाटा कागदावर. नाही म्हणाले तर पाच ट्रॅकचा अल्बम.

२५ मे

हो म्हणाले. कागदावर सही करताना चष्मा शोधायला दहा मिनिटं गेली, पण पूर्ण वाचून सही केली. ५,००० रुपये घ्यायला मात्र तयार नव्हते. शेवटी मंडळाच्या नावाने घेतले, नवी सतरंजी घेऊ म्हणाले.

रेकॉर्डिंग सकाळी सहाला, देवळाच्या मागच्या खोलीत. पंखा बंद. (कूलरचा धडा.) बुवांच्या एका कानात तानपुरा, काळी एक. क्लिक (लय धरून ठेवणारी टिकटिक) दिलाच नाही. भावाला धास्ती होती की लय घसरेल. घसरली नाही, चढली. ९२ ला सुरू झालेलं भजन सात मिनिटांत १३४ ला गेलं. खंजिरी भजनाचा स्वभावच तो: हळू धरायचं आणि चढवत न्यायचं. आम्ही एक आकडा ठरवून सारं त्यात कोंबायला बघत होतो.

यावेळी ‘तुका म्हणे’ पूर्ण घेतलं. दोनदा घेतलं. दुसऱ्यांदा बुवांनी माझ्याकडे बघून गायलं.

२९ मे

आता ट्रॅकच बुवांच्या मागे चालतो. रीपरमध्ये टेंपोची रेष बुवांच्या लयीवर हाताने बेतली, एकेक आवर्तन. दोन रात्री.

नवीन अडचण: ई ची धून काळी एकवर आणली, तसा बेसही खाली गेला. ई चा बेस ४१ हर्ट्झला होता, काळी एकचा खालचा सूर ३४.६ हर्ट्झ. भावाच्या स्पीकरवर तो वाजतच नाही, फक्त स्पीकर थरथरतो. एक सप्तक वर घेतला, ६९ हर्ट्झ, आणि थोडं सॅच्युरेशन, म्हणजे हलकी खरखर, दिलं. धम्मपणा गेला, पण आता बुवांचा आवाज बेसवर टेकून उभा असल्यासारखा वाटतो. माझ्या मते हा सहांतला सर्वांत चांगला ट्रॅक झालाय, पण माझ्या मताला या नोंदींत फारशी किंमत उरलेली नाही.

८ जून

धुमालवाल्याला पाठवला. एक वाजता रात्री उत्तर, व्हॉइस नोटवर, मागे हॉर्न: ‘हे चढते भाऊ. हे चढते.’ आत्या म्हणाली, पेटी बारीक बेसूर आहे. खालच्या काकांनी तानपुरा ऐकू येतो असं मुद्दाम वर येऊन सांगितलं, हा तानपुऱ्याचा ट्रॅक नसूनही.

संध्याकाळी हिंगणा. मंडळाने हेडफोन नको म्हटलं. देवळाच्या भोंग्याला लावा. भोंग्यात बेस शून्य, ३४ हर्ट्झ काय आणि ६९ काय. मी घाबरलो, पण फक्त आवाज, खंजिरी आणि वरचा सिंथ मिळूनही ट्रॅक चालला. वस्तीतली पोरं धावत आली. एक म्हातारी दारातून ओरडली, ‘बुवा, आज लवकर बसले का भजनाला?’

यावेळी बुवांना कंटाळापट्टी दिली, सगळ्यांना देतो तशी. पेन्सिल कानामागे खोचून ऐकत होते. संपल्यावर कागद माझ्या हातात दिला. सात चौकोन, सहा कोरे. पाचव्या मिनिटावर टिक. तिथे आवाज थांबतो आणि सोळा मात्रा नुसता किक चालतो. टिकेच्या बाजूला बारीक अक्षरात: ‘येथे टाळ पाहिजे.’

उद्या इतवारीत जाऊन टाळ बघायचे. मंडळाचे मागितले असते, पण ते सध्या मोडलेत, दोरी तुटलीये आणि एकाची कड उडालीये. तेव्हा दोन जोड्या, एक आमची, एक त्यांची.